वेशीवरचा फलक

बेल्जियममध्ये फुटबॉल खेळणाऱ्या दो-युनची कोरियाच्या सामन्यात पेनल्टी हुकली, त्याच संध्याकाळी सरपंच क्वाक यांनी गावच्या वेशीवरचा ‘युरोप गाजवणारा आमचा दो-युन’ हा कापडी फलक उतरवून घरी नेला.

काल त्याच दो-युनने इराणला दोन गोल मारले. सकाळीच सरपंच त्याच्या वडिलांच्या अंगणात हजर.

“काय पोरगा आहे हो तुमचा! लहानपणीच मी ओळखलं होतं. नवा फलक छापायला टाकतोय, त्याचा एखादा चांगला फोटो द्या.”

वडील वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत राहिले. वर पाहिलंसुद्धा नाही.

“देतो. पण या वेळी जरा मोठा छापा, सरपंच. मागचा तुमचा उकिरडा झाकायला आखूड पडतोय.”