उघडी वात

"उघडी वात कशी, सावकाश जळते," भावजी दोरीमागे उभ्या असलेल्या पाहुण्यांना समजावून सांगत होते. "माणूस पेटवतो, आरामात चालत मागे येतो, मग नळ्यातला आतषबाजीचा गोळा आभाळात उडतो. पण तीच वात कागदात गुंडाळा. आतली आग कोंडते आणि पुढे धावत सुटते. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास!"

पाहुणे हसले. चहाचे कप गोळा करत फिरणाऱ्या वहिनी मात्र ट्रे घेऊन जागच्या जागी थबकल्या.

"कुठल्याही कागदात?" त्यांनी विचारलं.

"कागद, चिकटपट्टी, काहीही. का हो वहिनी, या वयात तुम्हालाही दादासारखं आतषबाजीचं वेड लागलं की काय?"

वहिनींच्या पायाखालची जमीन सरकली. दुपारी मैदानात नळे रोवून झाल्यावर आतषबाजी मंडळाचे सगळे जेवायला गेले होते आणि राखणीला त्या एकट्याच बसल्या होत्या. आभाळ भरून आलं. वाती भिजल्या तर नवऱ्याची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार, म्हणून घरून खाऊ ज्यात बांधून आणला होता तो मेणकागद त्यांनी कापला आणि पुढच्या रांगेतली एकेक वात त्यात छान घट्ट गुंडाळली. पेटवायला सोपं जावं म्हणून टोक तेवढं बाहेर ठेवलं. पाऊस काही आला नाही. केलेलं कुणाला सांगितलंही नाही, एवढ्याशा गोष्टीचं काय मिरवायचं?

मैदानावरचे दिवे विझले. अंधारात पहिल्या नळ्याजवळ एक ठिणगी हलली. घड्याळजी, म्हणजे वहिनींचे यजमान, पेटती काठी घेऊन निघाले होते. वाती त्यांनी नळे रोवतानाच तपासल्या होत्या. आता पुन्हा कशाला बघतील?

"अहो!" वहिनी ओरडल्या. कडेला जनरेटर धडधडत होता, त्यात त्यांचा आवाज त्यांनाही ऐकू आला नाही. ट्रे भावजींच्या अंगावर ढकलून त्या दोरीखालून वाकल्या आणि पळत सुटल्या. कित्येक वर्षांत त्या पळाल्या नव्हत्या. चप्पल वाटेतच सुटली. समोर ती ठिणगी हळूहळू खाली येत होती आणि तिच्या उजेडात नवऱ्याचं नाक, कपाळ, चष्मा, सगळं नळ्यावर ओणवं झालेलं दिसत होतं. आपणच मारलं यांना, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्यांनी मागून शर्ट धरून ओढलं. घड्याळजी धडपडले.

"वेड लागलंय का तुला? दोरी ओलांडून इथे..."

वहिनींना धाप लागली होती. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. घड्याळजींनी बॅटरी मारली, कागद बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेटती काठी त्यांनी मातीत खुपसली.

"पाऊस येईल असं वाटलं हो," वहिनी रडायला लागल्या.

"अजून किती?"

"ही अख्खी रांग."

ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक कागद सोडवत पुढे सरकले. घड्याळांतल्या केसाएवढ्या स्प्रिंगा सहज उचलणारे त्यांचे हात लटलट कापत होते. शेवटची वात उघडी झाली तेव्हा आतषबाजीच्या पेट्यांजवळून त्यांची मुलगी धावत आली.

"काय झालं? आई इथे काय करतेय? आणि बाबा, हा कागद?"

"मीच," वहिनींकडे न बघता घड्याळजी म्हणाले. "पावसाच्या भीतीने गुंडाळला, काढायचा राहून गेला. आईने बघितला म्हणून बरं."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. मंडळाला आयुष्यभर पुरेल असं हसू झालं असतं त्यांचं. नवऱ्याने सगळं स्वतःवर घेतलं, त्याबद्दल त्यांना तिथल्या तिथे नमस्कार करावासा वाटला.

मुलगी बापाकडे बघत राहिली. वात झाकायची नाही हे तिला त्यांनीच शिकवलं होतं, अगदी पहिल्या दिवशी.

"बाबा, हात बघा तुमचे," ती हळूच म्हणाली. "ती काठी द्या इकडे. आजपासून पेटवायचं माझ्याकडे. तुम्ही दोरीमागे बसायचं."

"अगं, पण..."

"तुम्हीच विसरायला लागलात तर कसं चालेल?"

मी आहे तोवर पोरीला नळ्यावर वाकू देणार नाही, असा शब्द घड्याळजींनी वहिनींना दिला होता. त्या शब्दावरच वहिनींनी तिला मंडळात येऊ दिलं होतं. घड्याळजींनी एकदा बायकोकडे बघितलं. मग काठी मुलीच्या हातात दिली आणि कागदाचे बोळे खिशात कोंबत ते दोरीकडे चालू लागले.

मुलीने काठी पुन्हा पेटवली. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवल्या आणि आईला हाताने मागे व्हायची खूण केली. वहिनी हलल्या नाहीत. मघाशी नवऱ्याचा चेहरा होता तिथेच आता पोरीचा होता. वात उघडी आहे, काही होत नाही, असं त्यांनी मनाला बजावून बघितलं. मन ऐकेना.

"बाळा, तो कागद मी गुंडाळला होता," त्या म्हणाल्या. "बाबांचं काही चुकलं नाही गं. तू नको वाकूस."

मुलीला आईचे ओठ हलताना दिसले. घराबाहेर पडताना रोज दिसायचे तसेच.

"हो गं आई, सांभाळून करते!" कान झाकलेली माणसं बोलतात तशी ती मोठ्याने ओरडली, हसली, आणि तिने वातीला काठी टेकवली.