बरोबरीचा सामना

निजामी अमदानीतल्या त्या साली हायस्कूलची फुटबॉल टीम शेवटच्या सामन्यापर्यंतचे सगळे सामने हरली. हेडमास्तरांनी ड्रिलमास्तर शांतलिंगअप्पांना बजावलं, "शेवटचाही हरलात, तर घरी बसा." मग अप्पांनी कॅप्टन कोंडीरामाला बाजूला घेतलं.

"गड्या, पायात जोर हाय तुमच्या. मग हरता कशापायी रं?"

"अप्पा, जिंकणाऱ्या टीमला जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांपुढं पार जमिनीपतोर वाकून सलाम करावा लागतो. हरणाऱ्याला कोन इचारतंय? ताठ मानंनं घरी जाता येतं."

अप्पांच्या डोळ्यांपुढून पगार, पोरंबाळं, सगळं जाऊन आलं. पण 'जिंका' हा शब्द काही तोंडातून फुटेना. "खेळा मग," एवढंच ते म्हणाले.

शेवटचा सामना नळदुर्गवाल्यांशी होता. ती पोरं सालभर जिंकून जिंकून, म्हणजे वाकून वाकून, जेरीला आली होती. त्यामुळे चेंडू मैदानाच्या मधोमधच घुटमळत राहिला. गोलाजवळ गेलाच, तर जो तो त्याला अदबीनं माघारी धाडी.

"मारा की तुमी!"

"छे छे, आधी तुमी!"

शिट्टी झाली तरी गोल कुणाचाच झाला नाही. हंगामात पहिल्यांदाच न हरल्याबद्दल हेडमास्तरांनी अप्पांची पाठ थोपटली. तालुकदारसाहेब तर खूश होऊन म्हणाले, "वाह मास्तर! दोन्ही गोलकीपर कमाल के हैं!"

दोन्ही गोलकीपर तेव्हाही मैदानाकडेच्या लिंबाखाली, एकाच टोपीतल्या शेंगा खात बसले होते.