शंभर मीटरवरची शिलाई

जगभर पवनचक्क्या वाढत होत्या, तशी त्यांवर चढणाऱ्यांच्या सुरक्षापट्ट्यांनाही मागणी वाढली. उल्हासनगरात वीस वर्षं जीन्स शिवणाऱ्या कुंदाताईंनी असे पट्टे पुरवणाऱ्या एका कंपनीकडे ते काम मागितलं. नमुना बघायला कंपनीचे साहेब त्यांच्या कॅम्प तीन भागातल्या कारखान्यात आले.

"ताई, जीन्स उसवली तर लोक हसतात. हा पट्टा शंभर मीटरवर उसवला तर माणूस जाईल."

कुंदाताईंनी पट्टा अंगावर चढवला, छताच्या लोखंडी तुळईला हूक अडकवला आणि दोन्ही पाय उचलले. लटकतच त्यांनी विचारलं, "चहा घेणार ना, साहेब?"

साहेबांना हसू आवरेना. "उतरा, उतरा! ऑर्डर तुमचीच. पण स्वतःच्या शिलाईवर एवढा भरवसा?"

"ठेवावाच लागतो. हाच पट्टा घालून सोमवारपासून माझी लेक राजसी पवनचक्कीवर कामाला चढणार आहे."