दोन सूत

दोघे भाऊ गवंडी. लष्कराच्या प्रशिक्षण केंद्राच्या बांधकामावर मानवंदनेच्या चौथऱ्याची दर्शनी भिंत साहेबांनी धाकट्याला दिली आणि थोरल्याच्या वाट्याला आलं सरावाचं घर, जवानांनी सुरुंग लावून उडवायचं. तेव्हापासून थोरल्याच्या पोटात दुखत होतं. ज्याला थापी धरायला शिकवलं, त्याच्या भिंतीपुढे बँड वाजणार आणि आपली धुळीला मिळणार. भिंत सरळ येतेय का बघायला धाकट्याने ओळंबा मागितला तेव्हा "मलाच लागतोय," म्हणत थोरल्याने तो खिशात घातला. धाकट्याने भिंत नुसत्या नजरेने उभी केली. जेवणाच्या सुट्टीत थोरल्याने गुपचूप तिला ओळंबा लावला. दोरीला टांगलेला गोळा भिंतीला अलगद टेकला. केसभरही फरक नव्हता. मागून धाकटा हात पुसत आला. "सरळ आहे ना, दादा?" "दोन सूत बाहेर गेलीय. पाडावी लागेल." धाकट्याने ओळंब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू म्हणतोस म्हणजे असणारच," म्हणत त्याने हातोडा उचलला.