बुखारीचं रॉकेल

बर्फामुळे डोंगरावरच्या लष्करी चौकीवर डिझेल आलंच नव्हतं आणि जवान धम्मपालला श्वास घेता येईना. खोली उबदार ठेवणाऱ्या बुखारीचं रॉकेल तेवढं शिल्लक होतं. येवल्याच्या भिकनने त्यात थोडं इंजिन ऑइल मिसळून ते सगळं गाडीच्या टाकीत ओतलं.

“मग तुम्ही काय पेटवाल?” ड्रायव्हरने विचारलं.

“आधी याला खाली न्या. चौकीवर मी थांबतो.”

धम्मपालला धरून बाकीचे दोघं मागे बसले. गाडी धूर ओकत उतरली.

संध्याकाळी निरोप आला, धम्मपाल वाचला. पण वाट बंद झाल्याने आज कुणी परतणार नव्हतं. भिकन सगळ्यांची पांघरुणं अंगावर घेऊन बसला. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“आज लय गपगप हाय तिकडं. एकटेच हाय का तुम्ही?”

“नाय गं. सगळे झोपलेत. हळू बोल.”