एकाच तारखेची पानं

सुगतने तारीख टाकली आणि चारही चौकटींत एकाच दिवसाची पानं उघडली. अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम. दैनिकाच्या अकोला कार्यालयात जुने अंक पाहण्याचा हा नवा ब्राउझर सकाळीच बसवला होता. जुन्यात एक पान बंद करून दुसरं उघडावं लागे. यात चार जिल्ह्यांची पानं एका खिडकीत शेजारी शेजारी दिसत.

“लय भारी झालं तुमचं,” पंचफुलाबाई टेबलावर वाकून म्हणाल्या. “चार-चार पेपर एकदम! डोकं नाई फिरत काय, भाऊ?”

“आधीच फिरलेलं हाये, मावशी. आता आणखी काय फिरते?”

त्या हसल्या. हिवरखेडहून पहिल्या एसटीने आल्या होत्या, दर वर्षीसारख्या. मुलगा प्रीतम अकोल्याला काम पाहायला जातो म्हणून घरून निघाला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दर नोव्हेंबरात त्या ‘बेपत्ता’चा मजकूर घेऊन यायच्या. यंदा कात्रण घरीच राहिलं होतं. पहिल्या वर्षी छापलं तसंच छापा, अक्षर बदलू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून सुगतने १९ नोव्हेंबर २०२१ काढला होता.

डाव्या चौकटीत अकोल्याचं पान होतं. प्रीतम श्रावण तायडे, वय २४, रंग सावळा, उजव्या मनगटावर ‘दीक्षा’ हे बहिणीचे नाव गोंदलेले, डाव्या पायाची दोन बोटे जुळलेली. सुगत मजकूर उतरवून घेऊ लागला. मग त्याची नजर शेजारी गेली.

अमरावतीचं पान. तळाशी सात ओळी. अचलपूरजवळ विहिरीत अनोळखी युवकाचा मृतदेह. वय अंदाजे पंचवीस. मनगटावर ‘दीक्षा’ असे गोंदलेले. डाव्या पायाची दोन बोटे जुळलेली. नातेवाइकांनी तीन दिवसांत पोलिसांशी संपर्क साधावा.

दोन्ही मजकुरांत चार बोटांचं अंतर होतं.

सुगतने अमरावतीची चौकट बंद केली. ती जागा पांढरी पडली.

“काहून बंद केलं?”

“ते अमरावतीचं पान आहे, मावशी. आपल्या कामाचं नाही.”

“मी वाचून राहिली होती ते.”

त्याचा हात माउसवरच राहिला.

“उघडा, भाऊ.”

त्याने उघडलं. पंचफुलाबाईंनी काचेवर बोट टेकवून एकेक शब्द वाचला. जुळलेल्या बोटांपाशी त्या थांबल्या. मागे गेल्या, पुन्हा तिथपर्यंत आल्या. मग तीन दिवसांची ओळ वाचली आणि बोट काढून घेतलं.

“हे आमच्या गावात काहून नाई आलं?”

“जिल्ह्याचं पान त्या जिल्ह्यातच जातं.”

“लावते कोन हे पान?”

सुगतने माउस सोडला. त्या त्याच्याकडेच पाहत होत्या.

“मी,” तो म्हणाला.

“आन् आमचं?”

“तेही मीच. आधी ते लावलं. मग ते बंद करून हे.”

आणि तो भराभर बोलू लागला. अमरावतीची पानंही इथूनच लागतात. त्या दिवशी पोलिसांकडून फोटोही आला होता, पण मृताचा चेहरा छापायचा नाही असा आमचा नियम आहे, म्हणून मी फोटो काढून टाकला, नुसतं वर्णन घेतलं. छापला असता तरी तो अकोल्यात... इथे तो थांबला.

पंचफुलाबाई रडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. खुर्ची ओढून त्या त्याच्या जवळ सरकल्या.

“म्हणजे माह्या पोराले शेवटचं तुमीच पायलं,” त्या हळूच म्हणाल्या. “डोये मिटले होते काय त्याचे?”