प्रायमरचा हात

“आमच्या औषधांखेरीज वरून काही देताय का काकूंना?” डॉक्टर मॅडमनी विचारलं, तसा मिस्त्री खुर्चीत ताठ झाला. हा प्रश्न कधी येतो, याचीच तो वाट बघत होता.

त्यानं पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली. फाटकं, जाळ्या, जिने बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. नखांतला तांबडा प्रायमर कितीही घासला तरी निघत नव्हता, आणि निघावा असं त्याला वाटतही नव्हतं.

“अँटीऑक्सिडंट,” शब्द पाठ करून आणल्यासारखा त्यानं नीट उच्चारला. “दुकानदार मला समजावून सांगायला लागला. म्हणे, ऑक्सिजननं पेशी खराब होतात, ही गोळी होऊ देत नाही. म्हटलं, बाबा रे, हा तर गंज! गंजाशी भांडण्यात माझी हयात गेली. प्रायमरचा हात मारल्याशिवाय माझ्याकडून साधी कडी बाहेर पडत नाही, मॅडम. मग घरचं माणूस तसंच उघडं सोडायचं?”

“किती देता?”

“डबीवर एक लिहिलीय, पण मी जास्तच देतो. एकाच्या जागी दोन हात मारले म्हणून कुणाचं फाटक बिघडलंय?” तो हसला. “रोज रेडिएशन झालं की लगेच देतो. तिला गिळवत नाही ना, म्हणून दोन चमच्यांच्या मध्ये चुरून पाण्यात कालवतो. घोटाघोटाला डोळ्यांत पाणी येतं तिच्या. पण मी पण काही कमी नाही. शेवटच्या थेंबापर्यंत समोर बसून पाजतो.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. बायकोच्या घशाचे दोन फोटो शेजारी शेजारी होते, एक उपचार सुरू होण्याआधीचा आणि एक कालचा. दोन्हींत गाठ होती तेवढीच होती. निम्मं रेडिएशन होऊनही ती तसूभर हलली नव्हती.

“काका, आमचे किरण काय करतात, माहितीये तुम्हाला?”

“गाठ जाळतात.”

“तुमच्या भाषेत सांगायचं तर गंजवतात. मुद्दाम. गाठ गंजून मरावी म्हणून.”

मिस्त्रीनं डबीकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा डबीकडे. “आणि ही?”

“ही गंजू देत नाही. चांगल्या पेशींना नाही, आणि कदाचित गाठीलाही नाही.”

पुढचं त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. रंगावर वेल्डिंगचा टाका धरत नाही, हे तो कारागिरांना घसा फोडून सांगत आला होता. जिथं वेल्डिंग करायचं तिथला रंग आधी घासून काढायचा, लोखंड चकचकीत दिसलं की मगच रॉड लावायचा. नाहीतर वरून जोडल्यासारखं दिसतं आणि आत काहीच धरलेलं नसतं. कुणी रंगावर रॉड टेकवलेला दिसला की त्याचं डोकं फिरायचं. आणि घरी त्यानं स्वतः काय केलं होतं? रोज, न चुकता, नेमका तिथंच हात मारला होता.

“म्हणजे मी गाठीलाच प्रायमर मारत होतो.”

“असं मी म्हणणार नाही. गोळ्या नसत्या तरी गाठ अशीच राहिली असती, हेही होऊ शकतं. कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. पण आजपासून बंद. एकही नाही.”

त्यापेक्षा मॅडमनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मग झालेलं रेडिएशन पुन्हा द्या,” तो टेबलावर वाकला. “पहिल्यापासून द्या. आम्ही येतो ना, रोज येतो.”

“शरीर किती सोसतं, त्याला मर्यादा असते, काका. दिलेलं हिशेबात धरावंच लागतं. उरलेलं देऊ.”

“खरवडून काढता येत नाही का काही? असेल हो काहीतरी! पाय धरतो तुमचे, मॅडम, बघा ना!”

मॅडमनी डबी हळूच त्याच्याकडे सरकवली.

बाहेर बाकावर पेला तयार होता. आत जायच्या आधीच त्यानं तो रोजच्यासारखा कालवून, वर बशी झाकून ठेवला होता. तो बाकाशी पोचतो न पोचतो तोच किरणांच्या खोलीचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. मानेवरची कातडी भाजून काळीनिळी झाली होती, म्हणून ओढणी ती नुसती खांद्यावर टाकायची. ती बाकावर बसली, शहाण्या मुलीसारखा आपणहून पेला उचलला आणि डोळे मिटून ओठांना लावला.

“थांब!” त्यानं तिचं मनगट धरलं. थोडं पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

“का हो?” तिच्या आवाजात आता नुसती हवाच उरली होती. “आज तर कुरकुर पण केली नाही मी.”

“नको पिऊ. डॉक्टर म्हणाल्या...” दुसऱ्या हातानं तो तिच्या मांडीवरचं पाणी पुसू लागला. “म्हणाल्या, आता याची गरज नाही.”

हळूहळू तिचा चेहरा उजळला. किती दिवसांनी उजळला, कोण जाणे.

“गुण आला?”

मिस्त्रीनं तोंड उघडलं.

“बघा! आणि मी मनातल्या मनात तुम्हाला रोज नावं ठेवत होते,” ती त्याच्या हातावर हात ठेवून कुजबुजली. “तुमच्या या पाण्यानंच आला हो.”

ती उत्तराची वाट बघत होती. त्यानं तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडाला लावला.

एका घोटात सगळं खाली गेलं. कुठं दुखलं नाही, कुठं अडलं नाही.